नातवाची बंदूक आणि आजोबांची वही

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे गृहस्थ लष्करातून निवृत्त झालेले आर्मरर. शस्त्रं उघडायची, तपासायची, दुरुस्त करून परत द्यायची, यातच त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. सोळा वर्षांचा नातू संगणकावर युद्धाचे तीन-चार गेम आलटून पालटून खेळतो. सुरुवातीला आजोबा कौतुकाने शेजारी बसायचे. मग त्यांना चुका दिसू लागल्या. दिसली की ते बोलायचे, आणि बोलून उपयोग होईना तेव्हा वहीत लिहायला लागले. आज वहीत त्रेसष्ट नोंदी आहेत. नातवाचं उत्तर एकच: "आजोबा, तो गेम आहे." हल्ली तो हेडसेट चढवतो आणि दार लावून घेतो. मध्यंतरी तो मित्राला सांगत होता की दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडला दोन सोव्हिएत शिपायांत मिळून एक रायफल असायची, "मी स्वतः खेळलोय ते." ते ऐकल्यापासून आजोबांना चैन नाही. ते विचारतात, "गप्प बसलो तर पोर खोटं शिकेल, बोललो तर तुटेल. सुनेला सांगून गेम बंद करायला लावू, कंपनीला पत्र लिहू, की वहीच फाडून टाकू?"

काका,

पत्रासोबत तुम्ही वहीतल्या पंधरा नोंदी उतरवून पाठवल्यात. मीही वीसेक वर्षं असले गेम खेळते. पहिल्यांदा वाचताना हसले, दुसऱ्यांदा जरा वरमले. चौदा ठिकाणी तुमचं म्हणणं बरोबर आहे. पंधराव्या नोंदीकडे शेवटी येते.

आधी क्लेमोर सुरुंगाची नोंद घेऊ. ती तुम्ही सगळ्यात रागाने लिहिलेली दिसते, पेन कागदात रुतलंय. गेममध्ये तो जमिनीवर ठेवला की समोर दोन लाल किरण फाकतात आणि शत्रू त्यांना शिवला की धडाम. खरा एम१८ए१ म्हणजे चार काटकुळ्या पायांवर उभा राहणारा, किंचित बाक असलेला चपटा डबा. आत सातशेच्या आसपास पोलादी गोळ्या, कोणती बाजू शत्रूकडे करायची ते तोंडावरच उठावदार अक्षरांत, आणि डब्यातून निघून मागे गेलेली वायर. त्या वायरच्या टोकाशी एक माणूस दबा धरून असतो. तो बघतो, ठरवतो आणि मग कळ दाबतो. तुम्ही खाली लिहिलंय, "यांनी माणूसच काढून टाकला." हे वाक्य मी बाजूला लिहून ठेवलं. पुढचं सगळं त्याच्याच आधाराने सांगणार आहे, कारण त्रेसष्ट चुका एका मापाने मोजल्यामुळे तुमची आणि नातवाची दोघांचीही दमछाक झाली आहे.

तुम्ही गृहीत धरलंय की गेममधली प्रत्येक चूक म्हणजे खोटेपणा, आणि खोटेपणा म्हणजे शिपायाचा अपमान. अर्धं वापरलेलं मॅगझिन, म्हणजे बंदुकीला लावायची काडतुसांची डबी, फेकून दिलं तरी त्यातली काडतुसं हिशेबात शिल्लक राहतात, हे तुम्हाला खटकतं. खटकणारच. पण पडद्याच्या कोपऱ्यातला तो आकडा खेळणाऱ्याच्या सोयीसाठी आहे, पत्त्यांच्या डावात गुण लिहितात तसा. शॉटगन दहा पावलांपलीकडे निकामी होते, कारण नाहीतर बाकीच्या बंदुका कुणी उचलल्याच नसत्या. सायलेन्सर लावला की रायफलचा नुसता 'फुस्स' आवाज येतो. प्रत्यक्षात गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर तिचा कडाका सायलेन्सरला झाकता येत नाही, आणि दबलेला आवाजही चांगलाच मोठा असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि भिंतीआड दहा सेकंद बसलं की जखमा भरून येतात, ही सोय २००५ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी २'पासून सगळीकडे रुळली. त्याआधी आम्ही औषधाच्या पेट्या शोधत नकाशाभर धावायचो. ते तरी कुठे खरं होतं?

तुम्ही लष्करातले, म्हणून एक लष्करातलंच उदाहरण देते. १९९६ च्या सुमारास अमेरिकेच्या मरीन कोअरने 'डूम २' हा राक्षस मारायचा गेम घेतला आणि त्याला स्वतःच्या कामासाठी बदलून 'मरीन डूम' केला. त्यातले शिपाई खेळण्यातल्या बाहुल्या स्कॅन करून बनवलेले. कोणत्याही आर्मररने डोक्याला हात लावला असता. पण त्यांना रायफल शिकवायचीच नव्हती, रायफलीसाठी रेंज होती. चार जणांच्या फायर टीमने एकमेकांशी बोलत, एकमेकांना आड देत पुढे कसं सरकायचं, एवढ्याचीच सवय लावायची होती. तेवढ्यापुरता तो गेम पुरेसा खरा होता.

दुसरं गृहीतक नातवाविषयीचं. "आजोबा, तो गेम आहे" हे तुम्हाला उडवाउडवीचं उत्तर वाटतं. मला वाटतं तो खरंच सांगतोय. भिंतीआड बसून जखम भरत नाही हे सोळा वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. जी चूक चूक म्हणून दिसते, ती कुणाला फसवत नाही. फसवते ती खरी वाटणारी. तुम्ही पाठवलेल्या पंधरांपैकी अशी नोंद एकच आहे, स्टालिनग्राडची, आणि तीही तुम्हाला गेममध्ये दिसली नाही, नातवाच्या तोंडून ऐकू आली.

ती गोष्ट कुठून आली ते बघा. २००३ सालच्या पहिल्या 'कॉल ऑफ ड्यूटी'मध्ये व्होल्गा ओलांडून किनाऱ्यावर उतरलं की तुमच्या हातात पाच काडतुसांची क्लिप ठेवतात. रायफल नाही. मागे वळलात तर आपलेच अधिकारी गोळी घालतात. हा प्रसंग इतिहासापेक्षा दोनच वर्षं आधी आलेल्या एका हॉलिवूडपटाच्या जास्त जवळचा आहे. १९४१ मध्ये घाईघाईने उभ्या केलेल्या नागरी तुकड्यांकडे रायफली अपुऱ्या होत्या, पुढेही काही तुकड्यांना टंचाई भोवली, पण दोघांत एक रायफल देऊन सैन्य पुढे ढकलायचं अशी काही रीत नव्हती. मागची फळी मात्र खरी होती. २८ जुलै १९४२ च्या आदेश क्रमांक २२७ नंतर आघाडीच्या पाठीमागे अडवणूक तुकड्या लावल्या गेल्या. सोव्हिएत गुप्त पोलिसांच्याच अहवालानुसार १ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर १९४२ या काळात त्यांनी १,४०,७५५ जणांना अडवलं. त्यांतल्या १,१८९ जणांना गोळ्या घातल्या आणि १,३१,०९४ जणांना परत त्यांच्या तुकड्यांकडे किंवा संक्रमण छावण्यांत पाठवलं. ११८९ जीव म्हणजे थोडके नव्हेत. पण मशीनगन लावून आपल्याच माणसांची लाट कापून काढणं आणि पळालेल्याला पकडून परत लढायला उभं करणं, ही दोन वेगळी चित्रं आहेत. त्या लाखभर माणसांचं पुढे काय झालं असेल, हा प्रश्न गेम पडूच देत नाही.

आता तिसरं गृहीतक. ते मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण ते माझंही होतं: हत्यारं बरोबर दाखवली की गेम खरा होतो. २०१९ चा 'मॉडर्न वॉरफेअर' घ्या. त्यात बंदुका इतक्या मन लावून केल्यात की मॅगझिन बदलताना बोटं कुठे पडतात तेही बघत राहावंसं वाटतं. तुमच्या वहीत त्याच्याविरुद्ध सगळ्यात कमी नोंदी असतील. त्यात 'हायवे ऑफ डेथ' नावाची एक मोहीम आहे. देश काल्पनिक, जळक्या गाड्यांचा रस्ता आहे, आणि पळणाऱ्या लोकांवर तिथे रशियनांनी बॉम्ब टाकले असं सांगितलं जातं. या नावाने जग ज्याला ओळखतं तो खरा रस्ता कुवेतहून इराककडे जातो. फेब्रुवारी १९९१ च्या अखेरीस माघारी निघालेल्या इराकी ताफ्यांवर तिथे बॉम्ब टाकले ते अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीच्या विमानांनी. तो हल्ला योग्य होता की नाही यावर आजही वाद घालता येईल. कुणी केला यावर नाही. नाव खऱ्या रस्त्याचं ठेवलं आणि कर्ता बदलला. बोल्ट चुकीच्या बाजूला दाखवण्यापेक्षा हे कितीतरी पटीने मोठं आहे, आणि आर्मररच्या नजरेला ते दिसत नाही, कारण त्यात लोखंड बरोबर आहे.

असंच नॉर्वेचं. २७-२८ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री नॉर्वेच्या नऊ जणांनी वेमोर्कच्या कारखान्यातली जड पाण्याची यंत्रणा उडवली. जर्मनांच्या अणुसंशोधनाला ते पाणी हवं होतं. पुलावर पहारा, म्हणून ते बर्फाळ घळीत उतरले, गोठलेली नदी ओलांडली आणि पलीकडचा कडा चढून गेले. स्फोटकं लावली, आणि निघताना एक टॉमीगन, म्हणजे ब्रिटिश सैनिक वापरायचे तसली छोटी मशीनगन, मुद्दाम मागे टाकली. हे काम ब्रिटिश सैनिकांचं आहे असं दिसावं आणि आसपासच्या गावकऱ्यांवर सूड उगवला जाऊ नये, म्हणून. त्या रात्री एकही गोळी झाडली गेली नाही, एकही माणूस मेला नाही. काम झाल्यावर त्यांतले पाच जण स्कीवरून शेकडो किलोमीटर कापत स्वीडनला पोचले. २०१८ च्या 'बॅटलफील्ड ५' मध्ये हेच जड पाणी आहे, पण तिथे एक मुलगी आईला सोडवायला एकटी शिरते आणि वाटेत दिसेल त्या जर्मनाला मारत जाते. मुलगी घेतली म्हणून बोंब मारणारे पुष्कळ निघाले, त्यांच्याशी मला देणंघेणं नाही. त्या युद्धात बायका लढल्या आहेत, नेमबाज म्हणूनही. माझी तक्रार निराळी आहे. गोळी न झाडता काम फत्ते करणं हाच त्या नऊ जणांचा पराक्रम होता, आणि नेमका तोच गेमला परवडला नाही. त्या तुकडीचे नेते योआखिम रोनेबर्ग ऑक्टोबर २०१८ मध्ये नव्याण्णवाव्या वर्षी वारले. गेम पुढच्याच महिन्यात बाजारात आला.

तेव्हा वही फाडू नका, पण पेन्सिल घेऊन एकदा पहिल्यापासून वाचा. प्रत्येक नोंदीपुढे एवढंच विचारा: इथे लोखंड वाकवलंय की माणूस काढून टाकलाय? पहिल्या प्रकारात तुमच्या पन्नासेक नोंदी जातील असा माझा अंदाज आहे. त्या सोडून द्या असं म्हणत नाही, त्यांचा राग सोडा. त्या गमतीच्या आहेत, जेवताना सांगायच्या आहेत. तुम्ही खरा क्लेमोर हाताळलाय. हे ऐकायला त्याचे मित्र खुर्च्या ओढून बसतील, फक्त ते "तुमचा गेम कसा चूक" या चालीवर सांगू नका. दुसऱ्या प्रकारातल्या पाच-सहा उरतील, त्यांच्यासाठी दम राखून ठेवा.

बोलायचं कधी, हेही महत्त्वाचं. ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही. आणि हेडसेटमध्ये त्याचे चार मित्र असतात, त्यांना तुमचा आवाज ऐकू जातो. तुम्ही मागून "असं मॅगझिन कुणी भरत नाही" म्हणता तेव्हा पलीकडे कुणीतरी हसत असणार. दार त्या हसण्यासाठी बंद झालं असेल, तुमच्यासाठी नव्हे. मॅच संपेपर्यंत थांबा. त्याहून बरं म्हणजे गोष्टीचा भाग असतो ना, एकट्याने खेळायचा, तो खेळताना शेजारी बसा. तो थांबवता येतो. आणि एका बैठकीत एकच गोष्ट. दुसरी सुचली तर जीभ चावा.

एकदा कंट्रोलर स्वतःच्या हातात घ्या. "मला शिकव" म्हणा. तुम्ही आकाशाकडे बघत गोल गोल फिराल, आपल्याच पायाशी ग्रेनेड टाकाल आणि मराल. नातू खो खो हसेल. हसू द्या. इतके दिवस परीक्षक तुम्ही होता, जरा त्याला होऊ द्या.

मग निकाल न देता प्रश्न विचारा. "हे खोटं आहे" याला त्याच्याकडे उत्तर तयार आहे. "हा रस्ता खरा कुठला रे?" याला नाही, ते शोधावं लागतं, आणि शोधण्यात तो तुमच्यापेक्षा चपळ आहे. ज्या वाचकांना बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही पण घरात असा खेळाडू आहे, त्यांनाही हे जमेल. हे खरं घडलं होतं का, कुणी केलं होतं, आणि या गावात राहणारी माणसं कुठे गेली, एवढं विचारायला शस्त्रज्ञान लागत नाही. गेममधली शहरं नेहमी रिकामी का असतात, हा माझ्या भाचीने विचारलेला प्रश्न. मला तो वीस वर्षांत पडला नव्हता.

सुधारणाऱ्यांनाही सुधारणेची गरज असते, हे स्वतःच्या अनुभवावरून सांगते. एम१ गॅरंड रायफलची आठ काडतुसं संपली की क्लिप 'टिंग' करून उडते. तो आवाज ऐकून जर्मन शिपाई झेपावायचे, असं मी कित्येक वर्षं ऐटीत सांगत होते. एका बाईंनी शांतपणे विचारलं, "एवढ्या गोळीबारात ते टिंग ऐकू येईल? आणि त्याच्या शेजारच्या शिपायांच्या रायफलीही त्याच क्षणी रिकाम्या असतील?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कंपनीला पत्र जरूर लिहा, पण त्रेसष्ट मुद्द्यांचं नको. एका मुद्द्याचं लिहा, माणसांबद्दलचं. पत्रांनी काहीच होत नाही असं नाही. औषधाच्या पेटीवरचा लाल क्रॉस ही जिनिव्हा करारांनी संरक्षित खूण आहे, नुसती सजावट नव्हे. रेड क्रॉसने ते लक्षात आणून दिल्यावर खूण बदललेले गेम आहेत. 'आर्मा ३'च्या कंपनीने तर २०१७ मध्ये युद्धाच्या कायद्यांवर आधारित एक वेगळा भाग काढला आणि त्याच्या कमाईतला वाटा रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीला दिला. त्यात तुम्ही युद्ध संपल्यावर सुरुंग काढायला येता, आणि ते कुणी, का पेरले ते हळूहळू उलगडत जातं. तुम्ही दोघांनी शेजारी बसून खेळावा असा एकच गेम सुचवायचा तर मी हा सुचवेन.

'आर्मा'वरून आठवलं. २०११ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने एका माहितीपटात १९८८ साली आयआरए या आयर्लंडमधल्या सशस्त्र संघटनेने हेलिकॉप्टर पाडल्याचं चित्रण म्हणून एक फीत दाखवली. ती 'आर्मा २' मधली निघाली, आणि नियामक संस्था ऑफकॉमने वाहिनीला दोषी धरलं. पुढे २०२२ मध्ये 'आर्मा ३'च्या दृश्यांचा खऱ्या युद्धाच्या नावाखाली इतका सुळसुळाट झाला की कंपनीलाच ती ओळखायची कशी हे जाहीर करावं लागलं: चित्र धूसर आणि हलतं, बहुधा रात्रीचं, आवाज नाही, हालचाल करणारी माणसं नाहीत, धूर आणि ठिणग्या अनैसर्गिक. फोनवर असा व्हिडिओ आला की नातवाला बोलवा. हा धूर कुठल्या गेममधला हे तो सांगेल, हे शस्त्र असं चालतं का हे तुम्ही. तुमच्या वहीचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही.

सुनेला सांगून गेम बंद करायला लावू का, याचं उत्तर चुकांवर ठरवू नका. यातल्या बहुतेक गेमच्या वेष्टनावर सतरा किंवा अठरा वर्षं छापलेलं असतं, आणि नातू सोळाचा आहे. तो काय बघतो, किती वेळ बघतो, हे त्याच्या आईवडिलांनी त्याच्याशी बसून ठरवावं. त्यात तुम्ही साक्षीदार म्हणून बसा, फिर्यादी म्हणून नको.

राहिली पंधरावी नोंद. तुम्ही लिहिलंय, "पहिल्या महायुद्धाच्या गेममध्ये रणगाड्यातून निरोप घेऊन कबूतर सोडतात! काहीही!" काका, ही नोंद तेवढी खोडा. त्या युद्धात ब्रिटिश रणगाड्यांमध्ये खरोखरच कबुतरं असायची. भरवशाचा वायरलेस नव्हता, म्हणून निरोप कबुतराच्या पायाला बांधायचा आणि रणगाड्याच्या बाजूच्या झडपेतून त्याला सोडायचं. ऑगस्ट १९१८ चं तसं एक छायाचित्रही आहे, झडपेतून बाहेर आलेला हात आणि फडफडणारं कबूतर. नातवाला शोधायला सांगा, त्याला दोन मिनिटांत सापडेल. बंद दारावर टकटक करायला काहीतरी निमित्त हवंच होतं ना तुम्हाला? "त्या कबुतराबद्दल तुझा गेम बरोबर होता, माझं चुकलं," असं म्हणून आत जा.